जुनं पेट्रोल मल्चर दम धरत नसेल तर आधी पाती उघडा

बागेतल्या फांद्या-पाला कुटणारं पेट्रोल मशीन माझ्याकडे येतं तेव्हा मालकाने निदान आधीच केलेलं असतं. "भाऊ, इंजिन गेलं. दम धरत नही. बोअर करनं पडी." म्हणजे सिलिंडर घासून मोठा करावा लागेल. मी हो-नाही काही म्हणत नाही. आधी हॉपर, म्हणजे कचरा टाकायचं वरचं तोंड, खोलतो आणि पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवतो. नखाचा पापुद्राही निघाला नाही, तर इंजिनाला हात लावण्यात अर्थ नसतो. बोथट पातं फांदी कापत नाही, चेचतं. चेचायला ताकद जास्त लागते, मग इंजिन कण्हतं, धूर सोडतं, तापतं, आणि मालक पिस्टनला शिव्या देतो.

माझं दुकान चोपड्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागून. मुख्य काम फवारणी पंप, पाणी उपसायचे पेट्रोल पंप आणि ग्रासकटर. मल्चर मोजकेच येतात, आणि येतात ते जुनेच. मी बोलतोय ते ट्रॅक्टरमागे लावायचं मल्चर नव्हे. वर हॉपर, बाजूला फांदी घालायचं तोंड, खाली दोन चाकं आणि दोरीने ओढून चालू होणारं इंजिन, असलं घरामागच्या बागेचं मशीन. लिंबू, शेवगा, कडुनिंब, बोगनवेल छाटली की कुणी तो कचरा पेटवून देतो, कुणी त्याचा भुगा करून झाडांच्या आळ्यात घालतो. या दुसऱ्या लोकांसाठी हे लिहितोय.

एक बरं आहे. यातल्या बहुतेक मशीनवर साडेपाच ते सात एचपीचं चार स्ट्रोक इंजिन असतं, म्हणजे शेतातल्या पेट्रोल पंपावर असतं त्याच जातीचं. मशीन परदेशी असो, कंपनी बंद पडलेली असो, इंजिनाचे सुटे भाग जळगावात मिळतात, कित्येकदा तालुक्यालाही मिळतात. अडचण पात्यांची असते, म्हणून जुनी पाती फेकू नका.

हात घालण्याआधी

प्लगची टोपी काढा आणि दूर बांधून ठेवा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. पात्याची चकती हाताने फिरवली की तिच्यासोबत इंजिनही फिरतं, आणि जुन्या बटणाचा भरवसा नसतो. इंजिन बंद केल्यावरही जड चकती बराच वेळ फिरत राहते, आवाज पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. अडकलेली फांदी लाकडी काठीने काढायची. बोटाने नाही, सळईनेही नाही. गळ्यातला रुमाल, उपरणं, ओढणी काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका आणि पत्र्याच्या बंद शेडमध्ये मशीन चालवून बघू नका, त्या धुराला वास कमी आणि विष जास्त असतं.

मशीन आडवं करायचं असेल तर टाकीतलं पेट्रोल काढा आणि कार्बोरेटर व एअर फिल्टरची बाजू वर राहील असं कलवा. उलट कलवलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढचा अर्धा दिवस पांढऱ्या धुरात जातो.

पाती

चकतीवर साधारण दोन सुऱ्या असतात. फांदीच्या तोंडाजवळ एक स्थिर पातं असतं, आम्ही त्याला ऐरण म्हणतो. काही मशीनमध्ये मागे मोकळ्या लोंबणाऱ्या हातोड्या आणि त्यांच्याखाली जाळीही असते. काम खरं तर सुरी आणि ऐरणीच्या मधल्या फटीत होतं.

लाकडाची पाचर लावून चकती अडवा आणि सुऱ्यांचे बोल्ट सोडवा. ते गंजलेले असणारच. आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा, आणि ॲलन की लावण्याआधी बोल्टच्या डोक्यातलं भोक खिळ्याने कोरून साफ करा. अर्धी बसलेली की भोक गोल करते, मग ड्रिल मारण्याशिवाय इलाज नाही. कुठली सुरी कुठे होती याची खूण करा.

धार लावताना मूळचा कोन मोडू नका. सुरीला धार एकाच बाजूने असते. तीच बाजू घासायची, सपाट बाजूवरची नुसती लव काढायची. हातातल्या ग्राइंडरने घाई केली की टोक निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. ती धार दुपारपर्यंतही टिकत नाही. दोन-तीन हलके फेर, मग पाण्यात बुडवा, परत दोन-तीन फेर. फार खपली गेलेली असेल तर लेथवाल्याकडे सरफेस ग्राइंडिंग करून आणा. दोन्ही सुऱ्या एकाच वेळी घासून आणल्या की मापं सारखी राहतात.

माप सारखं राहणं महत्त्वाचं. हे इंजिन भराला मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. चकती थेट इंजिनावर असेल तर तिचाही वेग तोच. एक सुरी जड आणि एक हलकी असली तर त्या वेगाला सगळं मशीन अंगणभर नाचतं आणि बेअरिंगचा बळी जातो. दोन्ही सुऱ्या काट्यावर घाला. मी शेजारच्या किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरतो. जळगावचा सराफ जितका काटेकोर, तितकं व्हायची गरज नाही, पण काट्यावर फरक उघड दिसत असेल तर जड सुरी मागून, धार नसलेल्या बाजूने घासून बरोबरीला आणा.

बसवताना बोल्टचा विषय. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ आकडा कोरलेला असतो, तो बघा. जुन्यावर जो आकडा असेल तोच नव्यावर हवा. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट गेटला ठीक, इथे नको. इथे बोल्ट तुटला तर सुरी पत्रा फाडून बाहेर येते. आटे साफ करा, थ्रेड लॉकचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब टाका, टॉर्क पान्याने घट्ट करा.

आता फट. चकती हाताने हळू फिरवा आणि प्रत्येक सुरी ऐरणीसमोर आणून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. माहितीपत्रक असेल तर त्यातलं माप धरा. नसेल तर मी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. फट मोठी असेल तर ओली साल कापली न जाता दुमडून आत शिरते आणि मशीन जाम होतं. ऐरणीलाही कडा असतात. एक कड झिजली की उलटून दुसरी वापरता येते. हे कित्येक मालकांना माहीत नसतं, आणि दोन-तीन कडा कोऱ्या असलेली ऐरण भंगारात जाते.

हातोड्यांचंही तसंच, एक कोपरा गोल झाला की उलटून लावा. बदलायच्या झाल्या तर समोरासमोरच्या जोडीने बदला. त्यांच्या पिना काढून बघा. मधे कंबर पडल्यासारखी झीज दिसली तर पिनही बदला.

काय घालता, त्यावर धार टिकते

कपाशी निघाली की लोक पऱ्हाट्या घेऊन येतात. "एवढ्याशा तर आहेत, जातील." जातात, पण पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटलेली असते आणि मुळाला काळी माती घट्ट चिकटलेली असते. त्या मातीत कंकर असतो. ताजी धार त्यात पार मरते. पऱ्हाटी कुटायचीच असेल तर मूळ कोयत्याने तोडून बाजूला टाका आणि वरचा भाग घाला. कुटण्यात फायदा आहेच. बोंडअळीने पोखरलेली, झाडावर राहिलेली बोंडं शेताच्या कडेला रचून ठेवण्यापेक्षा भुगा झालेली बरी. पण एकराच्या पऱ्हाट्या हे या मशीनचं काम नाही, त्याला ट्रॅक्टरचं यंत्र बोलवा. बांधावरच्या ढिगापुरतं हे ठीक.

केळी हा दुसरा शत्रू. रावेर, यावल, चोपडा, सगळा केळीचा पट्टा. साहजिकच कुणीतरी सोपटं आणि ओली पानं हॉपरमध्ये कोंबतो. केळीचा धागा तुटत नाही. तो शाफ्टभोवती गुंडाळला जातो, बेअरिंगच्या सीलला घासतो, गरम होतो आणि सील खातो. बाहेरून काही दिसत नाही. असं मशीन आलं की मी चकतीमागे टॉर्च मारतो. दोरखंडासारखा पिळा निघतो, ब्लेडने कापून काढावा लागतो. केळीची वाळलेली पानं थोडी-थोडी, फांद्यांमध्ये मिसळून घाला. खांब आणि सोपट नकोच, ते बागेतच आडवं टाकून कुजू द्या.

बेअरिंग आणि पट्टा

चकती पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा उतरवा, मग चकती हाताने फिरवा. खरखर लागली किंवा शाफ्ट वर-खाली हलला तर बेअरिंग गेलं. बाजूच्या कडेवर नंबर असतो, ६२०५ किंवा तसा काही. तो सांगितला की कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. रबरी सीलचं घ्या, धूळ आणि भुगा आत जात नाही. नवं बेअरिंग शाफ्टवर ठोकताना आतल्या कड्यावरच मार बसायला हवा, म्हणून मापाचा पाइप घ्या. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून वाजतं.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर कितीही ताणा, तो घसरणारच. बदला.

पेट्रोल

पाती, पट्टा, बेअरिंग ठीक, तरी चालू होत नाही? मग कार्बोरेटर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अर्ध्या टाकीतलं पेट्रोल त्या पत्र्याच्या शेडमध्ये तापतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, चिकट डिंक उरतो. त्यात आता इथेनॉल. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. जुन्या इंजिनांच्या बऱ्याच माहितीपत्रकांत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल मक्यापासूनही होतं, आणि मका आपणच पिकवतो, त्यामुळे तक्रार करायला जागा कमी. पण ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, वर नुसतं पेट्रोल. इंजिनाला पहिला घोट तळाचाच मिळतो.

खात्री करायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा आंबट वास आला तर सगळं बदला. नव्यात जुनं मिसळू नका.

कार्बोरेटरची खालची वाटी एका बोल्टवर असते. ती काढली की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग), त्याची पिन आणि मधोमध पितळी मेन जेट दिसतं. जेट उजेडासमोर धरा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. साफ करायला क्लीनरचा फवारा आणि विजेच्या बारीक वायरीतली तांब्याची एक तार पुरते. सुई किंवा ड्रिलचं टोक घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. रबरी पॅकिंग आणि फ्लोटची पिन क्लीनरपासून लांब ठेवा. पिन बसवून फ्लोट वर धरा आणि पेट्रोलच्या नळीतून हवा फुंका. हवा अडली पाहिजे, फ्लोट सोडला की गेली पाहिजे. नळी चिकट किंवा फुगलेली असेल तर इथेनॉलला टिकणारी नवी घाला.

एक बिघाड फार फसवा आहे. मशीन झकास चालू होतं, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं. मालक म्हणतो, "तापतंय." बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज आला आणि मशीन लगेच चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हे काम बहुतेक वेळा कुंभारमाशीचं. तिला बारीक भोक दिसलं की ती मातीने लिंपतेच. झाकणाचं, सायलेन्सरचं, कूलिंगच्या पात्यांमधलं. सहा महिने पडून असलेलं मशीन आलं की मी या तीन जागा आधी टोकरतो.

ठिणगी आणि मॅग्नेटची चावी

प्लग काढा, रंग बघा. तांबूस-तपकिरी असेल तर उत्तम. कोरडा काळा म्हणजे फिल्टर चोंदलाय किंवा चोक अडकलाय. ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ठिणगी बघायची तर प्लगचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर, आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसा.

ठिणगी येत नसेल तर लगेच कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणारी गुंडाळी, विकत घेऊ नका. बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा, उंदराने कुरतडलेली वायर अंगाला टेकलेली असते. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो, त्यामुळे उतारावर उभं केलेलं मशीनही चालू होत नाही. आधी सपाटीवर आणा. या दोन्हींनंतर कॉइल. ती आणि मॅग्नेट (शाफ्टवरचं चुंबक बसवलेलं जड चाक) यांच्यात जाड व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरची फट ठेवायची. कार्ड मध्ये घालायचं, कॉइल टेकू द्यायची, बोल्ट आवळायचे, कार्ड ओढून घ्यायचं.

आता खरा गोंधळ. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी इंजिन घेत नाही. दोरी ओढली की हाताला उलटा झटका बसतो, किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो. मालकाला विचारा, शेवटी काय झालं होतं? उत्तर बहुधा एकच: "जाड खोड घातलं, धाडकन थांबलं." चकती थेट इंजिनाच्या शाफ्टवर असेल आणि ती अशी एकदम अडली, तर वर बसवलेलं जड मॅग्नेट वेगात असल्यामुळे पुढे सरकतं. त्याला शाफ्टशी बांधणारी बारीक चावी अर्धी कापली जाते. काही इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची असते. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते.

मॅग्नेटचा नट सोडवा. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवू नका, त्याला भोक पडतं. पट्टीच्या पान्याने मॅग्नेट धरा. काढायला पुलर वापरा, कडेच्या पंख्यावर हातोडा मारला की पाकळी तुटते आणि तोल जातो. शाफ्ट आणि मॅग्नेटच्या खाचा एका रेषेत नसतील किंवा चावीला पायरी पडली असेल तर नवी टाका. मूळ जशी असेल तशीच. मऊ चावीच्या जागी लेथवर पोलादाची बनवून घेतली, तर पुढचा धक्का शाफ्ट खाईल.

ऑइल, हवा, टॅपेट

ऑइल १०डब्ल्यू-३०, किंवा आमच्या उन्हाळ्यात सरळ ३० ग्रेड. या आकाराच्या इंजिनात सुमारे ६०० मिलिलिटर बसतं. मशीन सपाट ठेवून भोकाच्या काठापर्यंत. दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. धुळीचं काम असेल तर मी याच्या निम्म्यावरच बदलतो.

फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, थोडं ऑइल चोळून पिळून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, झटकायचा. इंजिनावरचं पंख्याचं कव्हर वर्षातून एकदा काढा. कापसाची लव आणि पाल्याचा भुगा तिथे गादीसारखा बसलेला असतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला दुसरा आधार नाही.

दोरी अगदी सैल ओढली जात असेल तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. होंडा जीएक्स१६० आणि त्याच धाटणीच्या इंजिनांना इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. बोअर करायला निघालेली काही इंजिनं एवढ्यावर परत उभी राहतात.

गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची, स्प्रिंग ताणू नका, वाकवू नका, दुसऱ्या मशीनची घालू नका. वेग कमी पडतोय म्हणून ती ताणणारे हौशी फार. बोथट सुरी ४,५०० फेऱ्यांनी फिरवली तरी बोथटच राहते, फक्त काही तुटलं तर ते लांब उडतं.

ठेवताना

पावसाळ्याआधीची छाटणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास उरकली की मशीन चार-पाच महिने पडून राहणार. कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटी रिकामी होते. टाकी पूर्ण रिकामी करा. ते पेट्रोल मोटारसायकलला चालतं. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल टाका, दोरी हळू ओढा, प्लग लावा, आणि दोरी जड लागेल तिथेच थांबवा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. सुऱ्यांवर ऑइलचं बोट. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा, आणि हँडलला चिठ्ठी बांधा की बोळा आहे. वर गोणपाट चालेल, प्लास्टिक नको, खाली घाम धरतो.

दुरुस्त करत बसावं की नाही, हे मी दोन गोष्टींवर ठरवतो. पट्टा किंवा चकती काढून क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं, टोक बघतो. दोरी ओढल्यावर ते डगमगत फिरलं, तर क्रँक वाकलाय. त्यावर खर्च करू नका, त्याच मापाच्या शाफ्टचं दुसरं इंजिन घ्या, जुन्या पाणीपंपावरचंही चालेल, फक्त शाफ्टचा व्यास आणि चावीची खाच जुळवून बघा. आणि चकतीला सुरीच्या बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर दिसली तर वेल्डिंग करू नका. केरोसीनने पुसून, वर खडूची पूड लावून बघा, चिरेतलं केरोसीन पुडीवर रेघ उमटवतं. रेघ उमटली तर इंजिन काढून घ्या आणि बाकीचं भंगारात द्या.